गालापाशी धरलेली इस्त्री

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नव्या कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली होती. दुष्काळ होता, पाणी टँकरचं. तरी पहिल्या दिवशी कुरळ्या केसांनीच जायचं, हा माझा हट्ट. एका रात्री ओले केस पेन्सिलींना गुंडाळून झोपले, दुसऱ्या रात्री चिंध्यांना. दोन तांबे पाणी गेलं आणि केस सुतळीसारखे सरळच. शेवटी रुजू व्हायच्या सकाळी स्टोव्हवर सांडशी तापवली, तर कपाळावरची बट सांडशीतच राहिली.

जुन्या साडीचा पदर डोक्यावर ओढून मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं नवी साडी आणायला गेले. म्हातारा पेलाभर पाण्यात दिवस काढायचा. बोटं बुडवून शिंतोडे उडवायचा, इस्त्री गालापाशी धरून धग बघायचा, मगच कापडाला लावायचा. मी जवळ जाताच त्यानं नाक फेंदारलं.

"कायतरी जळायलंय!"

घाबरून तो साहेबलोकांचे सदरे एकेक उलटून डाग शोधू लागला. पाचवा सदरा तो उजेडाकडं धरून बघू लागला, तेव्हा कुठं मी पदर मागं सारला.

तो हसला नाही. "आधी गालापाशी धरायचं असतंय, बाई. गालाला सोसलं तरच लावायचं."

मग माझ्या साडीची घडी मोडून, उरलंसुरलं पाणी शिंपडून, पदर डोक्यावर नीट बसेल अशी त्यानं पुन्हा इस्त्री केली.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मी समोरून गेले, की नुसती इस्त्री गालापाशी धरायचा. इकडं कचेरीत सगळे म्हणाले, काय मर्यादशील पोरगी आहे! केस वाढेपर्यंत, चांगले चार महिने, मी मर्यादशीलच राहिले.