काकांचा संकल्प आणि बी निगेटिव्ह

माझे काका प्रभाकर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले. रूळ नीट जुळून लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, हा तिथला नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. आमच्या नदीवरच्या राम घाटावर पूजेआधी गुरुजी यजमानाच्या तळहातावर पाणी देऊन, हे कशासाठी करतोस ते वदवून घेतात. काका तसा संकल्प प्रत्येक कामाआधी करत. हेतू स्वच्छ वाटला तर पाणी सोडायचं आणि कामाला लागायचं. नाही वाटला तर काम रद्द. भाचीच्या, गौरीच्या लग्नातला आहेर असाच राहिला. "दिखाव्यासाठी देतोय असं वाटलं," म्हणाले. विनोदिनीकाकूनं तोंड कुठे लपवायचं?

शहाण्णवच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या अक्कांचं तातडीचं ऑपरेशन ठरलं. रक्त बी निगेटिव्ह, आणि ब्लड बँकेत एकही बाटली नाही. मी टावर चौकातल्या एसटीडी बूथवरून इंदूरला तीन ठिकाणी फोन लावले. नाहीच. आमच्या ओळखीत हा गट एकट्या काकांचा.

अडचण अक्कांची नव्हती, त्यांच्या मुलाची, श्रीकांतची होती. त्याच्या कूलरचं पाणी दोन उन्हाळे काकांच्या वाळत घातलेल्या शर्टांवर गळत होतं. दोघांचं बोलणं बंद.

ब्लड बँकेबाहेरच्या नळावर काकांनी तळहातावर पाणी घेतलं आणि तसेच उभे राहिले.

"काका, आता काय?"

"जुळत नाहीये. अक्कांसाठी म्हणायला जातो, तर मनात श्रीकांत येतो."

"येऊ दे ना! रक्त तर तेच राहील!"

"तू कॉम्प्युटरवाला. तुझं बटण दाबलं की झालं."

"मग दाबा ना एकदा!"

काकू रडकुंडीला आली. "अहो, तिकडे डॉक्टर खोळंबलेत. मन नंतर धुवा तुमचं."

पाणी बोटांतून गळून गेलं. काकांनी पुन्हा घेतलं. पुन्हा गळलं. आतला टेक्निशियन ओरडला, "बाबूजी, खून देना है कि नहाना है?"

शेवटी काकांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "श्रीकांतची मान खाली जावी, म्हणून मी रक्त देतो." आणि पाणी सोडलं.

श्रीकांत फॉर्म घेऊन बरोब्बर मागे उभा होता.

"मंजूर, काका," तो म्हणाला. "ही बघा, घातली खाली. आता चला ना यार!"

अक्का वाचल्या. श्रीकांतनं कूलर दुसऱ्या खिडकीत नेला. कुणीही खूश झालं असतं. काका कॅलेंडरसमोर उभे.

"ते दान धरता येणार नाही. हेतू मळलेला होता. तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं." त्यांनी ऑगस्टमधल्या एका तारखेभोवती गोल केला.

"अहो, अक्कांना आता रक्त नकोय!"

"म्हणूनच तर. कुणाला जाणार तेच ठाऊक नसेल."

काकूनं कपाळावर हात मारला. "म्हणजे तीन महिने हेच ऐकायचं!"