पिनांना कुंकू

बत्ती मॅडमना कुलूप पाहवत नसे. प्रयोगशाळेत आल्या की आधी कपाटाकडे बघून म्हणत, "अजून कोंडूनच ठेवलंय का यांना?" कपाटात लिनक्सवर चालणारे तळहाताएवढे कॉम्प्युटर बोर्ड होते. तपासणी समिती आली की ते टेबलावर मांडायचे, फोटो काढायचे, पुन्हा कुलूप. नांदेडच्या आमच्या कॉलेजात आम्ही फी भरायची आणि बोर्ड काचेतून बघायचे.

मॅडम देगलूरच्या, तासिका तत्त्वावरच्या. संस्थेच्या सचिवांशी भांडून त्यांनी किल्ली मिळवली. पहिल्या तासाला प्रोग्राम लिहूच दिला नाही. "आधी हातानं बत्ती पेटवा. प्रोग्राम मागून." बोर्डाच्या पिनेला एलईडीचा बारका दिवा जोडायचा, काळ्या पडद्यावर पिनेत वीज सोडणारी जीपीआयओसेट ही कमांड, पुढे पिनेचा नंबर आणि एक. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. यावरूनच त्यांचं नाव पडलं.

भोकरची सुनीता ओरडली, "मॅडम, माझी पेटली हो!" आनंदात तिनं कळ दाबून कमांडच थांबवली आणि बत्ती गेली.

मॅडम हसल्या. "कमांड चालू हाय तोवर पिन तुझ्या ताब्यात. सोडलीस की तिचा भरवसा न्हाई."

मग खंडेनवमी आली. सचिवांनी बोर्ड पूजेला मांडले, पिनांच्या रांगांवर ओलं हळदकुंकू बोटानं थापलं आणि फोटोत दिवे दिसावेत म्हणून वीजही जोडली. दसऱ्यानंतर बघतो तर एक सोडून सगळे बोर्ड मेलेले.

सचिव वर्गातच गरजले, "तुम्हाला किल्ली दिली तिथंच चुकलं. पोरं जाळून राहिली सगळं!"

मॅडमनी बोर्ड त्यांच्या नाकासमोर धरला. "ही पाच व्होल्टची पिन, ही शेजारची, हिला एवढं सोसत न्हाई. मधी तुमचं कुंकू. वीज इकडची तिकडं शिरली."

"देवाच्या कुंकवाला नावं ठेवता?"

"कुंकवाला न्हाई, साहेब. पुजता आन् शिकू देत न्हाई, त्याला ठेवते."

"पोरांनी जाळलं म्हणा. नोकरी राहील."

"न्हाई म्हणणार."

एवढ्यावर त्यांची नोकरी गेली. पूजेला चार जण हजर होते, एकानंही तोंड उघडलं नाही. वस्तूला हार घालायचा आणि ती शिकणाऱ्याच्या हाती पडू द्यायची नाही, याला हे लोक शिक्षणसंस्था म्हणतात! मला अजूनही संताप येतो.

शेवटच्या तासाला उरलेल्या बोर्डावर सुनीताची कमांड चालू होती, बत्ती जळत होती. सचिव दारात आले. "बंद करा ते. किल्ली द्या." मॅडमनी किल्ली टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलेलं ध्यानात हाय ना?"

"हाव, मॅडम."

त्या गेल्या. सुनीतानं कीबोर्डवरचे हात उचलले आणि घडी घालून बसली. सचिव पुढे आले, पडद्याकडे बघत उभे राहिले. कोणती कळ दाबायची, ते त्यांना माहीत नव्हतं.

आम्हाला माहीत होतं. कोणीही सांगितलं नाही.