दोन सीटच्या गाडीतली तिसरी सीट

मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी मी माढ्याहून सोलापुरात कॉलेजला आलो आणि शुक्रवार पेठेत एका काकूंकडे खोली घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येत असणार, असा काकूंचा समज. एक दिवस त्यांनी मला त्यांच्या मोटारीचा इतिहास इंग्रजीत लिहून द्यायला सांगितलं.

मोटार अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये असे. काकूंच्या यजमानांनी ती एका संस्थानिकाकडून घेतली होती. यजमान गेले, शेड गळायला लागली, आणि आता जुन्या गाड्यांचे शौकीन असलेले मुंबईचे एक साहेब ती घ्यायला येणार होते. लेखी इतिहास त्यांनीच मागितला होता. विलायतेतल्या कारखान्याने नुसता सांगाडा आणि इंजिन दिलं होतं. बॉडी वेगळ्या कारागिराने लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बांधली होती, शिंपी मापाने कोट शिवतो तशी. गाडी वेगाची, उघडी, दोनच सीटची.

माझं अडलं ते तिसऱ्या सीटपाशी. सासूबाईंसमोर नवऱ्याशेजारी बसणं काकूंना शक्यच नव्हतं. पुढे सासूबाई बसत. म्हणून यजमानांनी डिकी कापून टांगे बांधणाऱ्या मिस्त्रीकडून मागे सीट करून घेतली. तांबडं रेक्झिन, पितळी खिळे, चढायला टांग्याची पायरीसुद्धा. हे इतिहासात लिहावं की नाही, मला कळेना.

साहेब आले, गाडीभोवती फिरले आणि मागे येऊन थांबले. अशी बॉडी दुसरी पाहिली नाही म्हणाले, पण ही सीट काढून डिकी पहिल्यासारखी करावी लागेल.

काकू मला हळूच म्हणाल्या, "त्यांना सांग की. गाडीत माझी म्हणून तेवढीच जागा होती."

मी अडखळत सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, पण मत बदललं नाही. माणूस वाईट नव्हता, त्यांचा गाडीवर खरंच जीव होता.

मग इंजिन बघायला एक चक्कर मारायचं ठरलं. साहेबांनी आदबीने काकूंसाठी पुढचं दार उघडलं. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी काकूंनी पदर सावरला, मागे गेल्या आणि पायरीवर पाय ठेवून वर चढल्या. साहेब पुढे बोलवायला लागले.

"तिथं सासूबाई बसायच्या," काकू म्हणाल्या.

साहेब क्षणभर दार धरून उभे राहिले. मग त्यांनी ते हळूच लावलं. शेजारची सीट रिकामी ठेवून गाडी गल्लीबाहेर गेली.

परत आल्यावर ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, "सीट राहू दे. त्या मिस्त्रीचंही लिहा."

काकू अजून मागेच बसल्या होत्या. उतरायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं.