शैलाच्या गोळ्यांना हात लावू नका

"हिच्या रक्तातल्या प्लेटलेट हिचंच शरीर खातंय," रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझी मुलगी शैला पायांवरचे जांभळे डाग साडीनं झाकत होती. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. आजाराचं नाव आयटीपी.

त्याआधी महिनाभर शेजारपाजारच्या बायकांनी उष्णता म्हणून तिला सब्जा पाजला होता. हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा मी कुणाला न विचारता तिला तपासणीला नेलं.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. एरवी जंतूंना चिकटणाऱ्या अँटीबॉडी शैलाच्या प्लेटलेटला चिकटत होत्या. प्लीहेतल्या भक्षक पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे अँटीबॉडीचं शेपूट धरणारे हात. शेपूट हाती आलं की प्लेटलेट गिळली. "प्रेडनिसोलोनच्या गोळीनं हे हात कमी होतात, पकड ढिली पडते. पण गोळी एकदम सोडलीत तर सगळं उलटेल. कमी करायची ती मी सांगेन तेव्हाच."

प्लेटलेट वाढल्या. डाग फिके पडले. चेहरा गोल झाला. तो होणार हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

नेमकी तेव्हाच भिवापूरची माझी थोरली नणंद स्थळ घेऊन आली.

"पोरीचं तोंड पाह्य वं, कोहळ्यावानी झालं! पाहुणे येऊन राहिले अन् तू तिले गोळ्या चारून राहिली?"

"पाहुणे थांबतील. गोळ्या थांबणार नाहीत," मी म्हटलं आणि ऑफिसला गेले.

माझ्या माघारी तिनं शैलाला पढवलं, "पाहुणे जाईपर्यंत नको घेऊ वं. तोंड बसते. लगन झाल्यावर खा मंग." शैलानं ऐकलं. आरसाही आत्याच्याच बाजूनं होता.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना. आम्ही दवाखाना गाठला.

"गोळ्या कोणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

नणंद भिंतीकडे बघत म्हणाली, "रक्त देतो न जी मी. माह्यं घ्या."

"तुमच्या प्लेटलेट दिल्या, तरी त्याही हिच्या भक्षक पेशी गिळून टाकतील. तिची गोळी तेवढी तिला घेऊ द्या!"

वॉर्डाबाहेर मी नणंदेला म्हटलं, "पोर गेली असती, तर बारीक चेहरा कोणाला दाखवला असता?" ती रडायला लागली. मी तिची समजूत काढली नाही.

शैला वाचली. डॉक्टरांचे उपकार मानते. राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. तुमच्या घरी ही गोळी चालू असेल, तर गोल चेहऱ्यावर बोलणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. डोस उतरला की चेहऱ्याची गोलाईही उतरते. वाहून गेलेल्या रक्ताचं तसं नसतं.

पुढे दुसरं स्थळ आलं. शैलानं पाहुण्यांसमोर पाणी मागवलं, गोळी गिळली आणि ती कशासाठी तेही सांगितलं.

"मंग आमी कळवतो," मुलाची आई उठत म्हणाली.

त्यांनी कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हाक मारायच्या आत शैलानं गोळी घेतली होती.