बायकांच्या दारावरची बनुबाई

बनुबाई म्हणे तरुणपणी कोल्हापूरला पळून गेली होती आणि तिथं तिनं सिनेमात काम केलं होतं. बाहत्तर सालच्या दुष्काळात ही बातमी सोनईत इतक्या हळू आवाजात सांगितली गेली, की पुढच्या बाजारापर्यंत ती घोडेगावलाही पोचली. कुणी म्हणे ती नायिकेची मैत्रीण होती. कुणी म्हणे, छे, नायिकेमागनं घागरी घेऊन चालणाऱ्या बायांतली एक. पुरावा एकच, पण तगडा: सिनेमाच्या तंबूत बनुबाई पडद्याकडं पाठ करून बसायची. आपलंच तोंड समोर आलं तर?

तंबू राधाकृष्णशेठचा. त्या वर्षी विहिरी कोरड्या, रानं उघडी, माणसं खडी फोडायला. पण बाजारतळावर तंबू पडला की गावाला कसला दुष्काळ! दुपारी बैलगाडीतून कर्णा फिरायचा. दिवस कलला की तंबूवर गाण्यांच्या तबकड्या वाजायच्या, आणि शेवटी देवाची आरती लागली की तिकिटाची खिडकी उघडली, हे पोराटोरांनाही ठाऊक. नव्या बेलबॉटमवाले पुढं वाळूत बसायला धावायचे आणि त्या रुंद पायांत निम्मी वाळू घरी न्यायचे.

तंबूच्या मधोमध गोणपाटाची कनात. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका, आणि बायकांच्या दारावर बनुबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही, भाकरी धाकट्या दिराच्या, भिमाजीच्या घरची. भिमाजीच्या ज्वारीनं तोंड फिरवलं तशी जावेच्या हातातली भाकरीही पातळ झाली, आणि बनुबाईनं हे दार धरलं. आवाज खणखणीत, हातात निरगुडीची काठी. चुकून बायकांकडं वळलेल्या गड्याची चूक ती अशी काही दुरुस्त करायची, की तो पुढचे दोन बाजार लंगडायचा.

पण तिचं खरं काम वेगळंच होतं. सोनईत बायकांनी देवाचे सिनेमे बघायचे, बाकीचे बघायचे नाहीत, असा कायदा. म्हणून बाकीच्या सिनेमांना त्या चोरून यायच्या. अंधार झाला की आत, आणि शेवटचं रीळ लागलं की मागच्या बाजूची कनात उचलून बनुबाई त्यांना बाहेर काढायची. नवरे घरी पोचायच्या आत बायका वाकळ ओढून घोरत असायच्या. सासूचं भय नव्हतं. बऱ्याच वेळा सासू शेजारच्याच वाकळेत दमलेली असे.

यात एकच गैरसोय. शेवट कुणालाच कळायचा नाही. तो दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत बनुबाई सांगायची. बघितलेला नसायचाच, पाठीमागनं जेवढा ऐकू आला त्यावरून ती तो रचायची. आणि झकास रचायची! तिच्या शेवटात सासवा पस्तावायच्या, सवती गाव सोडायच्या आणि दारुड्या नवऱ्याला कुत्रं चावायचं.

घोटाळा झाला तो घरातून हाकललेल्या सुनेच्या सिनेमानं. शेवटी पडद्यावर मोठा आक्रोश झाला. बनुबाईनं ठरवलं, सासूच रडतीय. दुसऱ्या दिवशी दरंदल्यांचा श्रीमंत जेवता जेवता आईला सांगत होता, "काय सून हुती बघ त्या पिक्चरात! सासूच्या पायावर डोकं ठिवलं आन् तितंच जीव सोडला."

चुलीपुढं चांगुणा, त्याची बायको, भाकरी थापत होती. तिच्यानं राहवलं नाही. "मेली कुटं? सासूला जात्याला जुपलं की तिनं!"

घास हातात तसाच राहिला. "तुला गं काय ठावं?"

"बनुकाकी सांगत हुती."

"ती तर पाठ करून बसती."

आता आलं का! ऐकून रचते म्हणावं, तर बायकांना शेवटच तेवढा का सांगावा लागतो हे आलं, आणि कनातीखालची वाट कळली की सगळ्या बायका उघड्या पडणार आणि पाठीवर फोकही पडणार. चांगुणा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तिला बघाया कशाला लागतंय? कोल्लापुराला सिनेमातच हुती ती. समद्या गोष्टी आदीच ठाव्या तिला."

श्रीमंतानं हे पारावर सांगितलं. पारावरून ते भिमाजीच्या कानी गेलं. बाजारच्या दिवशी भरदुपारी भिमाजी, श्रीमंत आणि आणखी चौघे राधाकृष्णशेठपुढं उभे राहिले. शेठनं बनुबाईला बोलावलं. चांगुणा मिरच्यांच्या ढिगामागं पदर दातात धरून उभी होती.

"वयनी," भिमाजी म्हणाला, "लोक काय म्हन्त्यात ते खरं हाय का खोटं, तेवडं सांगा. सिनेमात हुता तुमी?"

बनुबाईनं इकडं तिकडं पाहिलं, ढिगामागची चांगुणा दिसली आणि ही गोष्ट कुणाची ते तिनं ओळखलं. खोटं म्हणावं तर चांगुणा मेली, कनातीची वाट शिवली गेली आणि बायकांची बाजू ओस पडली. ओस दारावर राखणदार लागतो कशाला? खरं म्हणावं तर भावकीत तोंड काळं. महिन्याभरात दिराच्या पोराचं, गोरक्षचं, लगीन होतं.

"हुते," बनुबाई म्हणाली. "मग?"

"आवं पर कवा? आमच्या दादाच्या आदी का नंतर?"

"तुमच्या दादाला इचारायचं हुतं. तो हुता तवा तुमी मुके हुता का?"

माणसं हसली. भिमाजी हसला नाही. "घराकडं येऊ नगा आता," एवढंच बोलून तो गेला.

श्रीमंत मात्र जागचा हलेना. "काकी, नायिका जवळनं कशी दिसती वो?"

"तुज्या आईवानी," बनुबाई म्हणाली. "आवाज चढला की समदी घाबरत्यात."

शेठ व्यापारी माणूस. त्यानं त्याच दुपारी कर्णेवाल्याला बजावलं, आणि गाडी गावभर ओरडत फिरली, "बायकांच्या दारावर साक्षात कोल्हापूरच्या सिनेनटी बनुबाई!" तिला बघायला माहेरवाशिणी आल्या, पुढं तर कधी तंबूकडं न फिरकलेली गावची सोनारीणही आली. गोरक्षच्या लग्नाची अक्षत तिला आली नाही. वरात बाजारतळावरूनच गेली. बनुबाईनं दारातनं नवरी बघितली आणि नाकानं बरी आहे म्हणाली. पुढं तंबू सोनईतनं हलला तशी तीही तंबूबरोबर गेली आणि शेठनं धंदा मोडेपर्यंत त्याच दारावर राहिली.

खरं म्हणाल तर बनुबाई कोल्हापूरला कधीच गेली नव्हती. त्या दुष्काळापर्यंत तिचा लांबात लांब प्रवास कोल्हारचा, माहेरापुरता. सिनेमाची अफवा चांगुणानं उठवली, मार चुकवायला. आणि बनुबाई पाठ करून बसायची, कारण पडद्यावरचं चित्र हललं की तिला मळमळायचं.