थाळी वाजली तरी

दिवसा झोपण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारं घाटकोपरात कुणी नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी ही एकच नोकरी इमानाने केली. आमच्या चाळीत मजल्यावरच्या एकुलत्या टीव्हीसमोर ते पुढची जागा धरत आणि सिनेमाच्या नावाची पाटी लागायच्या आत घोरू लागत. न्हाव्याच्या खुर्चीत ते अर्ध्या दाढीला झोपत. न्हावी तोवर दुसरं गिऱ्हाईक उरकी. एका साखरपुड्यात यजमानांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले आणि जागे झाल्यावर म्हणाले, "मुलगा चांगला आहे." मुलगा अजून आलाच नव्हता.

अशा माणसाला पाण्याच्या पहाऱ्यावर बसवलं, ही चूक मात्र चाळीची. दुपारी सार्वजनिक नळाला वीसेक मिनिटं पाणी येई, नेमकं कधी ते कुणालाच ठाऊक नसे. रिकामे मामाच. त्यांनी नळाजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि पाणी येताच हाक मारायची. पहिल्याच आठवड्यात तीनदा पाणी आलं, वाहिलं, गेलं. मामा जागेवर होते. मग समोरच्या वहिनींनी नळाखाली पितळी थाळी पालथी घातली. पाण्याची धार पडली की तिच्या आवाजाने तिन्ही मजले उठत, मामा सोडून.

"मामा, वाट लावलीत ना आमची!" वहिनी ओरडत.

"डोळे मिटले होते गं, कान उघडे होते," मामा म्हणत, आणि वाक्य संपायच्या आत पुन्हा घोरत.

मीही मागे नव्हतो. चाळीच्या फळ्यावर मी लिहिलं, 'पाणी दोन वाजता येऊन गेले. मामांना कळवू नये, झोपमोड होईल.' सगळे हसले, मामाही. जिन्यात ते पायरीपायरीला थांबत, पाय चपलांत मावत नसत. त्यावरही माझे विनोद तयार होते.

एका दुपारी थाळी वाजली, बादल्या भरल्या, पाणी गेलं. मी मामांचा खांदा हलवला. ओठ निळे पडले होते.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना मी त्यांच्या झोपेचे किस्से सांगू लागलो. त्या हसल्या नाहीत. "हा आळस नाही हो. हृदय दमलंय त्यांचं. पायांना एवढी सूज, दिवसभर ही झोप, कुणाच्याच लक्षात आलं नाही?"



मामा परत आले, औषधं घेत आणि त्याच खुर्चीत झोपत चार वर्षं राहिले. थाळी वाजली की वहिनी बादली घेऊन धावत येत आणि आधी त्यांचं बनियन श्वासाने हलतंय का ते बघत उभ्या राहत. पाणी वाहून जाई. मागे रांगेत आम्हीही बादल्या खाली ठेवत असू.

मग मामा डोळे न उघडता म्हणत, "आहे गं. भर तू पाणी."