नलूताईंचा गुरुवार

फोन आला तेव्हा अप्पा, माझे वडील, जेवत होते. ‘नलूताई गेल्या,’ मी म्हटलं. हातातला घास ताटात ठेवत ते म्हणाले, ‘आता त्या पोराला कोन नेनार?’ मी बघतच राहिले. त्याच पोरानं भातखाचराच्या पाण्याच्या भांडणात फावड्याचा दांडा घालून अप्पांचा हात कायमचा वाकडा केला होता...

नलूताई आमच्या कोळवणच्याच, निवृत्त परिविक्षा अधिकारी. गुन्ह्यात सापडलेल्या पोरांवर देखरेख करण्यात त्यांची नोकरी सरली. सुरुवातीला पोरांना मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे कायदा बदलला, शिक्षेऐवजी उपचार आले. माणसं मात्र बदलायला तयार नाहीत, असं त्या चिडून म्हणायच्या. आधी ज्याला मार बसला त्याच्या घरी जायचं, ही त्यांची रीत निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तशा त्या आमच्याकडे आल्या.

‘सोळा वर्साचा घोडा हाय त्यो! जेलात घाला,’ अप्पा ओरडले.

‘आन् तितनं काय शिकून यील, अप्पा? परत येनार तुमच्याच बांधावर.’

अप्पांनी त्यांच्याकडे पाट सरकवला. मला मात्र त्या बाईचा भयंकर राग आला होता.

बाल न्याय मंडळानं पोराला घरी सोडलं ते एका अटीवर: दर गुरुवारी पुण्यात समुपदेशन. खाडे झाले तर पुन्हा निरीक्षणगृह. बाप नाही, आईला उरवड्याच्या कंपनीत रजा मिळेना. नलूताईच त्याला एसटीनं नेऊ लागल्या. परतताना आमच्या ओट्यावर टेकायच्या, पोरगं कसं आहे ते सांगायच्या. अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. गावात मात्र तो कधी चुकतोय याचीच वाट बघणारे पुष्कळ होते.

ताई गेल्यानंतरच्या गुरुवारी अप्पा सदरा घालून निघाले. मी मागोमाग गेले. थांब्यावर पोरगा एकटाच उभा... अप्पांना बघून तो मागं सरकला.

‘चल. गाडी आली,’ अप्पा म्हणाले. एवढंच.

तिघांच्या बाकावर पोरगा खिडकीशी, अप्पा कडेला, मधली जागा मोकळी. मी मागच्या बाकावर बसले होते. पौडला गर्दी चढली. एका बाईनं विचारलं, ‘हितं कोन बसलंय का?’

अप्पांनी त्या जागेकडे बघितलं. ‘न्हाई, बसा की,’ म्हणाले, आणि वाकडा हात सावरत पोराला खेटून सरकले.